रातांधळेपणापासून रात्रीच्या मलमापर्यंत



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मीही काही लिहावे असा अध्यक्षाबाईंचा आग्रह पडला. मी काही लेखिका नव्हे. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी मी लातूरकडे सातवीत होते. सातवी झाली आणि शाळा सुटली. पुढे लग्न होऊन नांदेडास आले. तेव्हा शब्दांचे उणेअधिक पोटात घालावे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोघीतिघी सुनांनी मला विचारले, "काकू, रात्री लावायचे ते रेटिनॉल कोणते घ्यावे हो?" त्या प्रश्नाने माझ्या पोटात धस्स झाले. का, ते पुढे सांगते. पण आधी ह्या वस्तूचा इतिहास सांगितला पाहिजे. माझी मुलगी औषधशास्त्र शिकते. तिने पुस्तकांतून वाचून दाखविले, तेच येथे मांडीत आहे.

रेटिनॉल म्हणजे दुसरेतिसरे काही नसून 'अ' जीवनसत्त्व होय. १९१३ साली अमेरिकेत मॅकॉलम आणि त्यांच्या सहकारी मार्गारीट डेव्हिस ह्यांनी लोण्यात व अंड्याच्या बलकात शरीराच्या वाढीस लागणारे एक द्रव्य असते हे उंदरांवर प्रयोग करून दाखविले. ह्या डेव्हिसबाईंनी पहिली कित्येक वर्षे हे काम बिनपगारी केले. बायकांच्या कामाची तऱ्हा सगळीकडे एकच! १९३१ साली पॉल कॅरर ह्यांनी त्या द्रव्याची रचना उलगडली व १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्याच्या आतल्या पडद्याला रेटिना म्हणतात, त्यावरून रेटिनॉल हे नाव पडले.

डोळ्याचा हा संबंध आपल्या मराठवाड्याला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात माझ्या धाकट्या मामाला दिवेलागणीनंतर दिसेनासे झाले होते; तो भिंत चाचपीत चाले. आजी त्याला शेवग्याचा पाला शिजवून घाली आणि मिळेल तेव्हा बकऱ्याची कलेजी देई. तिला जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता, पण उपाय बरोबर होता. लहान मुलांना सहा सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देण्याची सरकारी योजना १९७० साली सुरू झाली होती. ती आजीच्या गावापर्यंत पोचायला मात्र वेळ लागला. आज अंगणवाडीत चमच्याने पाजतात तो हाच डोस.

आता कातडीकडे वळू. फिलाडेल्फियाचे डॉक्टर अल्बर्ट क्लिगमन ह्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचे आम्ल, म्हणजे ट्रेटिनॉइन, मुरुमांवर वापरले. १९७१ साली अमेरिकेत त्या औषधास मान्यता मिळाली. ते लावणाऱ्या प्रौढ बायका म्हणू लागल्या, की मुरुम तर गेलेच, शिवाय सुरकुत्याही कमी झाल्या. त्यावरून पुढे अभ्यास होऊन १९८६ साली तसा निबंध प्रसिद्ध झाला. परंतु ह्या गोष्टीला काळी बाजूही आहे. १९५१ ते १९७४ ह्या काळात होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांच्या अंगावर ह्या डॉक्टरांनी नाना औषधांचे प्रयोग केले. कैदी बहुतेक काळे व गरीब होते, आणि आपल्यावर काय लावले जात आहे ह्याची त्यांना धड कल्पनाही नसे. फिलाडेल्फिया शहराने त्याबद्दल २०२२ साली माफी मागितली. आपल्या चेहऱ्याच्या तुकतुकीमागे कोणाची तरी पाठ सोलवटली आहे, एवढे स्मरण असावे.

१९७५ साली ह्याच क्लिगमननी वांगासाठी तीन औषधांचे मिश्रण काढले. त्यात ट्रेटिनॉइन, रंग फिका करणारे एक औषध आणि स्टेरॉइड होते. अशी मिश्रणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे आठवडेच लावायची असतात. आपल्याकडे मात्र त्यांच्या नळ्या गोरेपणाचे मलम म्हणून घरोघर गेल्या. मीही त्यांतलीच. बाळंतपणानंतर गालांवर वांग आले, शेजारणीने नाव सांगितले, दुकानदाराने न विचारता दिली, आणि मी आठ महिने रोज लावली. आधी चेहरा उजळला. मग दोन दिवस खंड पडला, की तोंडाची आग आग होई. गाल लालबुंद झाले, त्यांवर लव आली. चुलीपुढे उभे राहवेना. भावाच्या लग्नात मी पदर पुढे ओढून बसले होते. शेवटी डॉक्टरीणबाईंनी ती नळी सोडविली, पण चेहरा ताळ्यावर यायला वर्षाच्या वर गेले. २०१८ साली सरकारने अशा स्टेरॉइडच्या मलमांवर चिठ्ठीचे बंधन घातले. तरी सावध असावे.

म्हणून सुनांना सांगते, नुसते रेटिनॉल हे ते मिश्रण नव्हे. ते सौम्य असते. कातडीत गेल्यावर त्याचे हळूहळू आम्ल होते. घेताना नळीवरील घटक वाचा. स्टेरॉइड अगर ट्रेटिनॉइन असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नका. प्रमाण कमीत कमी, पाव टक्क्याच्या आसपास असावे. उजेडाने व हवेने रेटिनॉल बिघडते, म्हणून उघड्या बरणीपेक्षा बंद नळी बरी. रात्री लावायचे तेही ह्याचसाठी.

आरंभ आठवड्यातून दोन रात्री करावा. तोंड धुऊन कोरडे होऊ द्यावे व वाटाण्याएवढे मलम साऱ्या चेहऱ्याला पुरवावे. डोळे, ओठ व नाकाचे कोपरे वगळावेत. वर साधे ओलावा देणारे मलम लावावे. थोडी कोंड्यासारखी साल निघते. फार आग झाली तर थांबावे. दिवसा उन्हापासून जपणारे मलम आणि डोक्यावर पदर हवाच. आपल्याकडचे ऊन पाहता मी तर म्हणेन, वैशाखात सुरुवातच करू नये. फरक दिसायला तीनचार महिने लागतात. आणि दिवस गेले असतील, मूल हवे असेल किंवा अंगावर पाजत असाल, तर मुळीच लावू नये.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर गेल्या दसऱ्यानंतर मी स्वतः सुरुवात केली. पहिल्या रात्री हात थरथरत होता. मुलगी शेजारी बसून नळीवरचा शब्द न् शब्द वाचीत होती. आजीला नाव ठाऊक नव्हते पण वस्तू ठाऊक होती. मला नाव ठाऊक झाले पण वस्तू ठाऊक नव्हती. आपल्या लेकीसुनांना दोन्ही ठाऊक असावे, म्हणून हा खटाटोप.