मायबोलीचा रकाना

मंडळी, एखादा समाज 'आहे' हे ठरवायचं कोणी? त्या समाजाने, की सरकारने?

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथल्या कॉर्निश लोकांना ब्रिटिश सरकारने २४ एप्रिल २०१४ रोजी 'राष्ट्रीय अल्पसंख्याक' म्हणून मान्यता दिली. गंमत म्हणजे एवढं होऊनही २०२१च्या जनगणनेच्या अर्जात त्यांच्यासाठी तयार चौकोन नव्हताच. ज्याला कॉर्निश म्हणवून घ्यायचं, त्याने ते स्वतःच्या हाताने लिहायचं!

हे वाचलं आणि आपला खानदेश आठवला. त्याच २०१४च्या जानेवारीत आपल्या केंद्र सरकारने जैनांना अल्पसंख्याक दर्जा दिला. पण ती यादी धर्माची. भाषिक अल्पसंख्याक ठरतात राज्यागणिक. अहिराणीसारख्या बोलीच्या वाट्याला येतो तो जनगणनेतला एक रकाना : मातृभाषा.

ग्रिअर्सनने भाषांची पाहणी केली तेव्हा मराठीला सातवा खंड दिला आणि खानदेशीला नवव्या खंडात भिल्ली बोलींच्या शेजारी बसवलं. जनगणनाही 'खानदेशी' वेगळी मोजते, अहिराणी तिच्याखाली येते. आता आकडे बघा. १९९१मध्ये खानदेशी सांगणारे सुमारे ९.७४ लाख, २००१मध्ये २०.७५ लाख, २०११मध्ये १८.६० लाख. दहा वर्षांत माणसं दुप्पट झाली आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाख गायब झाली, असं थोडंच आहे? बदलली ती सांगणाऱ्यांची उत्तरं आणि लिहिणाऱ्यांची नोंद.

आपल्या मुक्ताईनगरची (जुन्यांच्या तोंडी अजून एदलाबादच) गोष्ट आणखी निराळी. तिकडे धुळ्याकडचा माणूस 'मी करस' म्हणतो. आपल्याकडे लेवा गणबोली आणि तावडी, डोळ्याचा 'डोया' करणारी. बहिणाबाईंच्या कविता या लेवा गणबोलीतल्या, तरी कित्येक जण त्यांना सरळ अहिराणी म्हणून मोकळे होतात. २०१८मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. बोलीचं नाव मात्र घरोघरी एकच सांगतात : मराठी.

यात जुन्या पिढीला दोष देता येत नाही. भाषेवरून राज्यांच्या सीमा आखल्या जात होत्या, तेव्हा मराठीचा एकेक माणूस मोलाचा होता. डांगची बोली मराठीची की गुजरातीची, यावर केवढा वाद झाला, आणि १९६०मध्ये डांग गुजरातेत गेला. अशा काळात 'आमची बोली वेगळी' म्हणणं म्हणजे आपलंच घर कमकुवत करणं वाटायचं.

आज ती भीती उरलेली नाही. महाराष्ट्र होऊन सहा दशकं उलटली. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. आपण रकान्यात बोलीचं नाव सांगितल्याने तिचं काही कमी होणार नाही. न सांगितल्याने बोलीचं मात्र होतं, कारण जी मोजलीच नाही तिच्यासाठी कोश, पुस्तकं, शाळेतला एखादा धडा मागायचा कशाच्या जोरावर?

जनगणनेच्या व्याख्येत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी बोलायची ती. पुस्तकातली नव्हे. २०२१ची लांबलेली जनगणना २०२७मध्ये घ्यायची ठरली आहे. मामा, काका, ताई, सगळ्यांना एकच विनंती : त्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी आईचा आवाज आठवा. मग जे तोंडात येईल ते सांगा, आणि तेच लिहिलंय ना, एवढं बघून घ्या.