पंतोजीची ओसरी

२०२० सालच्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि गुरुजी घरात बसून मोबाइलवर शिकवायला लागले, तेव्हा आमच्या गावात सगळ्यांना नवल वाटलं. "घरी बसून कुठं शाळा असती व्हय?" असं म्हातारी माणसं म्हणायची. पण खरं बघायला गेलं तर शाळेची इमारत ही अलीकडची गोष्ट. मास्तर घरी बसून शिकवतो, ही चाल तिच्याहून जुनी.

आमच्या आजोबांचे वडील अक्षरं गिरवायला शिकले ते पंतोजीच्या ओसरीवर. सरकारी शाळा गावोगाव पोचण्याआधी अशाच गावठी शाळा होत्या. कुणाची ओसरी, कुणाची पडवी, कुठं देवळाचा सभामंडप. मुंबई इलाख्यात १८२० ते १८३० च्या दरम्यान इंग्रजांनी या शाळांची मोजदाद केली, तेव्हा शाळा भरल्या सतराशेच्या आसपास आणि त्यांत पोरं पस्तीस हजारांच्या घरात.

या शाळेला खर्च जवळजवळ नव्हताच. ना भाडं, ना बाकडी. धूळपाटी, काडी आणि पंतोजीचा आवाज, एवढ्यावर काम भागायचं. मोडी अक्षर, पाढे, पावकी, निमकी, औटकी. बाजारात कुणी फसवणार नाही इतका हिशेब पोराला यायचाच. पेरणी-कापणीला पोरं शेतात गेली तरी शाळा मोडत नसे. फी म्हणून थोडे पैसे, नाहीतर धान्य नि सणावाराचा शिधा. पंतोजी गावातच राहायचा, त्यामुळं कुणाच्या घरात काय चाललंय हे त्याला न सांगता कळायचं.

पण घराची शाळा म्हटल्यावर घराच्या खोडीही तिच्यात आल्या. पोरांनी पंतोजीच्या घरचं पाणी भरायचं, झाडलोट करायची. छडी किती मारायची याला धरबंध नाही, कारण विचारणारा वरचा कुणी नाही. पंतोजी आजारी पडला की शाळा बंद. शिधा आला नाही तर चुलीची पंचाईत.

सगळ्यांत मोठी अडचण उंबरठ्याची. घर पंतोजीचं, म्हणून आत कोण येणार हेही घराच्या रीतीनंच ठरायचं. मुलींना तिथं जागा नव्हती. महार-मांगांच्या पोरांना तर ओसरीची पायरीही बंद. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, ती ही रीत मोडायलाच. आणि या शिकवण्यापायी जोतीराव-सावित्रीबाईंना १८४९ साली वडिलांचं घर सोडावं लागलं. पंतोजी घरात बसून शिकवत होता. या दोघांना शिकवायचं म्हणून घराबाहेर पडावं लागलं. घर आणि शाळा वेगळी का हवी, ते इथं कळतं. सरकारी शाळेच्या दारातूनही सगळी पोरं लगेच आत गेली नाहीत, कितीतरी जणांना वर्षानुवर्षं व्हरांड्यात बसवलं. पण ते दार कुणा एकाच्या घराचं नव्हतं, म्हणून तिथं हक्कानं भांडता तरी आलं.

२०२० मध्ये मास्तर पुन्हा घरी आला. त्याचे फायदे होतेच. रोगाची भीती टळली, एसटीची धावपळ वाचली, दुखणाईत आई-बापाकडं बघता आलं. सरकारनं 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला काढली. पण आमच्याकडच्या बाईंचे हाल निराळेच. एका हातात फोन, दुसऱ्या हातात उलथणं, आणि रात्री दहालाही पालकांचा निरोप. शाळा सुटल्याची घंटा घरात वाजतच नाही. आणि उंबरठा इथंही होताच, फक्त त्याला नाव पडलं होतं रेंज. घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात, आणि बाप ऊसतोडीला. त्या पोराचं नाव हजेरीत होतं, कानावर मात्र धडा पडत नव्हता.

म्हणून काही गुरुजी तोंडाला मुसकं बांधून वस्त्यांवर गेले. पारावर, गोठ्याच्या सावलीत, पाच-सात पोरं लांब लांब बसवून त्यांनी उजळणी घेतली. शाळेला कुलूप होतं आणि घरातून सगळ्यांपर्यंत पोचता येत नव्हतं. मग मास्तरांनी उंबरठा स्वतःच ओलांडला.