बाल्टिमोरहून परतीची वाट

परदेशी जाऊन वैद्यकी शिकण्याची मराठी कथा आपण आनंदीबाई जोशींपासून सुरू करतो आणि बहुधा तिथेच संपवतो. १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघालेली अठरा वर्षांची मुलगी, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाची एम.डी., आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात मृत्यू. एवढ्यावर कादंबरी झाली, नाटक झाले, चित्रपटही झाला. त्यांच्या प्रबंधाकडे मात्र क्वचितच कोणी वळतो. त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. म्हणजे फिलाडेल्फियात बसून ही मुलगी आपल्याकडच्या बाळंतपणाच्या रीतींचा विचार करत होती. दूरच्या विद्यापीठात मिळालेली नजर आपल्या गावाकडे कशी वळवायची, हा तिच्यापुढचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर द्यायला आयुष्य पुरले नाही.

तोच प्रश्न पुढे ऐंशी-नव्वद वर्षांनी पुन्हा उभा राहिला, यावेळी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण देणारी तिथली शाळा १९१६ ची. तिथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य विभागाची उभारणी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कार्ल टेलर यांनी केली. हे टेलर कोण, हे इथे थांबून सांगायला हवे. ते अमेरिकन खरे, पण जन्म मसुरीजवळच्या लंढोरचा, मिशनरी डॉक्टर आईवडिलांच्या पोटी. फाळणीच्या वेळी पंजाबात निर्वासितांना औषधपाणी करण्याचे काम त्यांनी केले, पुढे लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकवले. हॉपकिन्सचा विभाग हाती आल्यावरही त्यांचे महत्त्वाचे संशोधन लुधियानाजवळच्या नारंगवाल परिसरातल्या खेड्यांत चालले. थोडी शिकवण दिलेली गावपातळीवरची माणसे मुलांचा न्यूमोनिया, अतिसार, कुपोषण कितपत हाताळू शकतात, हे तिथे तपासले गेले. तेव्हा बाल्टिमोरच्या वर्गात जे शिकवले जात होते, त्याचा बराच भाग पंजाबच्या शेतांतून तिकडे गेला होता. ‘पाश्चात्त्य ज्ञान’ हा शब्द आपण फार सैल वापरतो.

त्या वर्गात १९७० च्या सुमारास रजनीकांत आणि मेबल आरोळे बसले. दोघे वेल्लोरचे डॉक्टर. आधी अहमदनगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काढली होती आणि तिथला अनुभव त्यांना टोचत होता: पुन्हा पुन्हा येणारे बहुतेक आजार टाळता येण्याजोगे, बरा झालेला रोगी त्याच पाण्याकडे, त्याच उपासमारीकडे परत जाणारा. अमेरिकेत ते गेले ते हा प्रश्न गाठीशी बांधून. पदवी घेऊन १९७० मध्येच परतले आणि जामखेडला बसले.

पण बाल्टिमोरची योजना जामखेडला जशीच्या तशी लागू पडली नाही, आणि मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आधी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत ठेवून पाहिले. त्या तिथे रमेनात, आणि गावालाही त्या आपल्या वाटेनात. मग गावातलीच बाई निवडायची असे ठरले. ती बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित, अनेकदा टाकलेली किंवा विधवा. या बाया प्रशिक्षणाला जामखेडला येत, मुक्काम करत, एकत्र जेवत आणि एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. १९७२ च्या आगेमागे दुष्काळाने तालुका होरपळत होता आणि पाण्याला जात चिकटलेली होती. अशा काळात एका पांघरुणाखालची ती झोप कुठल्याही पाठापेक्षा मोठी होती. बालमृत्यूचे प्रमाण सुरुवातीला हजारी १७६ होते. ते पुढच्या वर्षांत कितीतरी पटींनी खाली आले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या पुस्तकात जामखेडला जागा मिळाली. १९७८ च्या अल्मा-आताच्या जाहीरनाम्यामागे जी उदाहरणे होती, त्यांत जामखेडही होते. तो जाहीरनामा घडवणाऱ्यांत टेलरही होते. गुरूने शिष्याकडून शिकण्याची ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

दुसरे जोडपे अभय आणि राणी बंग. हॉपकिन्सला जाण्याआधीच अभय बंगांनी शेतमजुरांच्या किमान वेतनाचा हिशेब तपासला होता. मजुराला लागणारे अन्न सरकारी समितीने किती कमी धरले आहे, हे त्यांनी दाखवले आणि रोजगार हमीवरची चार रुपयांची मजुरी पुढे बारा झाली. मोजणे हेही हत्यार असते, हे त्यांना विदर्भाने आधीच शिकवले होते. हॉपकिन्सने त्या हत्याराला धार लावली. १९८४ मध्ये पदवी घेऊन ते परतले आणि १९८२ मध्येच चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात गेले.

बायकांच्या आजारांविषयी तोवर जे आकडे होते, ते दवाखान्यात पोचलेल्या बायकांचे. दवाखान्यात न आलेल्यांचे काय, हे विचारायला राणी बंग वसा आणि अमिर्झा या दोन गावांत गेल्या. तपासलेल्या ६५० जणींपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले, तेव्हा कुटुंबनियोजनापलीकडे ग्रामीण बाईला शरीर असते, हे जगाच्या आरोग्यधोरणाला प्रथमच आकड्यांत दिसले. हा अभ्यास नुसत्या सांख्यिकीने झाला नसता. अंगावरून पाणी जाते, हे बाई कोणाला सांगते, कुठल्या शब्दांत सांगते, कोण समोर असताना गप्प बसते, हे कळावे लागते. संस्कृतीचा अभ्यास म्हणतात तो प्रत्यक्षात असा असतो. याच समजुतीतून त्यांचे रुग्णालय आदिवासींना विचारून, झोपड्यांच्या घडणीचे बांधले गेले आणि त्याला दंतेश्वरीचे नाव मिळाले.

न्यूमोनियाचे पाहा. बाळाचा श्वास मिनिटाला किती, हे कळले तर निदान होते. मोजणाऱ्या दाईला मात्र दहा-बाराच्या पुढे आकडे येत नाहीत. यावर उपाय निघाला मण्यांचा: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, लाल मण्यापर्यंत पोचलात की औषध द्यायचे. १९९९ मधल्या निबंधाने तर घरोघर नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित गावकरी बायांमुळे ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. २०११ मध्ये हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्याचे ठरले.

आता उलट्या दिशेची वाट वाहती आहे. अमेरिकेतल्या, युरोपातल्या, ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांचे विद्यार्थी काही आठवड्यांसाठी जामखेडला येतात. सामुदायिक आरोग्य आणि संस्कृती या नावाखाली त्यांना गुणही मिळतात. त्यांना शिकवणाऱ्यांत गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या असतात, मराठीतून, मध्ये दुभाषा ठेवून. यात मला अर्धा आनंद आहे. आरोळे आणि बंग बाल्टिमोरला गेले ते अंगावर वर्षांचे काम घेऊन, आणि परतल्यावर उरलेले आयुष्य एका तालुक्याला, एका जिल्ह्याला दिले. तीन आठवड्यांच्या पाहुण्याकडे यांतले काही नसते. खेड्यातल्या बाईने रात्रीबेरात्री चिखल तुडवत मिळवलेले ज्ञान त्याच्या वहीत टिपण बनून परदेशी जाते. उद्या त्याचा शोधनिबंध होतो आणि त्यावर तिचे नाव नसते.

पण निखळ तक्रार करणेही खरे नाही. जामखेडच्या मुक्ताबाई पोळ या कार्यकर्तीने वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषदेत भाषण केले होते. सभागृहातली झगमगती झुंबरे दाखवून तिने स्वतःची तुलना साध्या दिव्याशी केली, दुसरा दिवा पेटवता येतो अशा. तिथल्या श्रोत्यांत आरोग्याच्या मोठमोठ्या पदव्या घेतलेली माणसे बसली होती, आणि बोलत होती ती खेड्यातली एक बाई.