खुर्जी : घोड्यावरून सायकलीवर

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाचा इतिहास हा घोडेस्वारांचा इतिहास होय. हैदराबाद कंटिन्जंटच्या पहिल्या घोडदळाने जून १८५७ मध्ये या शहरी उठाव केला. त्यातील स्वारांच्या देहान्ताची स्मृती येथील काळा चबुतरा जपतो. शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळाही याच चौकात उभा आहे.

घोड्यावरील सामानासाठी मराठीने फारसीतून ‘खुर्जी’ हा शब्द घेतला. पाठीच्या दोन्ही अंगांस लोंबणारी जोडपिशवी ती खुर्जी. भार दोहींकडे सारखा असावा व पिशवी हलू नये, हे तिचे शास्त्र. एरवी जनावराची पाठ सोलवटते.

घोडा गेला, तरी हे शास्त्र सायकलीच्या कॅरिअरवर टिकले. दूधवाल्याच्या दुतर्फा किटल्या त्याचीच साक्ष देतात. येथे पाठीऐवजी चाकाच्या तारा जपावयाच्या असतात. म्हणून कॅरिअरला बाजूचा आधारगज हवा, ओझे खालच्या बाजूस बसावे, आणि टाच अडणार नाही इतकी पिशवी मागे असावी.

दूरच्या प्रवासास निघणारे सायकलस्वार तिला आज ‘पॅनिअर’ म्हणतात. हा शब्दही मूळ लॅटिनमधील पावाच्या टोपलीचा. ओझ्याच्या जनावरावरूनच तो सायकलीवर आला. मग ‘खुर्जी’ने तोच मार्ग धरण्यास प्रत्यवाय कोणता? वस्तू वापरात असता तिचे नाव लोपू देणे, ही भाषेची हानीच म्हटली पाहिजे.