वाळवंटातील ऑफ-रोड वाहनासाठी ट्रान्समिशन कूलर : निवड कशी करावी?

चँडलर, अ‍ॅरिझोना : चिप उद्योगाच्या निमित्ताने चँडलर परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या दारात रँग्लर, ब्रॉन्को, टॅकोमा किंवा फोररनर उभी असणे आता नवलाचे राहिलेले नाही. शनिवारी पहाटे निघावे, टोंटो राष्ट्रीय वनातील कच्च्या वाटांवर गाडी घालावी आणि दुपारपर्यंत घरी परतावे, हा अनेकांचा परिपाठ असतो. टायर, सस्पेन्शन आणि छतावरील तंबू यांवर हौसेने खर्च होतो. स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेलाची आठवण मात्र धोक्याचा दिवा लागल्यावरच होते. मोबाइलला रेंज नसलेल्या वाटेवर, भर उन्हात, मुलाबाळांसह गाडी बंद पडणे ही निव्वळ गैरसोय नसते. ती जिवावर बेतू शकते. म्हणून कूलरचा विचार उन्हाळ्याआधीच करावा.

उष्णता येते कोठून?

स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधील तेलाच्या माध्यमातून पुढे जाते. कन्व्हर्टर 'लॉक' झालेला नसतो तेव्हा त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि या घसरणीत वाया जाणारी शक्ती तेलात उष्णतेच्या रूपाने उतरते. इंजिनाकडून १०० अश्वशक्ती येत असेल आणि त्यातील १० टक्के घसरणीत जात असेल, तर सुमारे साडेसात किलोवॉट उष्णता तेलात मिसळते. घरातील तीन-चार गिझर एकाच वेळी सुरू ठेवण्यासारखे हे आहे. महामार्गावर कन्व्हर्टर बहुतेक वेळ लॉक असतो, त्यामुळे तेथे चिंता कमी. वाळू, खडकाळ चढ आणि ट्रेलर ओढत चढलेला लांब घाट येथे मात्र तो दीर्घकाळ घसरत राहतो.

तेलाचे तापमान साधारण १७५ ते २०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ८० ते ९३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यापुढे दर २० अंश फॅरनहाइट वाढीला तेलाचे आयुष्य निम्मे होते, हा या व्यवसायातील जुना ठोकताळा. आधुनिक कृत्रिम तेले याहून अधिक सोसतात आणि काही नवे गिअरबॉक्स मुळातच थोडे गरम चालतात. तरीही २५० अंशांच्या वर तेल फार काळ राहिले, तर रबरी सील कडक होणे आणि क्लचच्या चकत्या जळणे यांची सुरुवात होते.

चँडलरचे गणित वेगळे का?

कूलर किती उष्णता बाहेर टाकतो, हे मुख्यतः तेल आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. तेल ९३ अंश सेल्सिअस आणि हवा १५ अंश असेल, तर फरक ७८ अंशांचा. तीच हवा ४३ अंश झाली की फरक ५० वर येतो. म्हणजे तोच कूलर चँडलरच्या जुलैत सुमारे दोन-तृतीयांशच काम करतो. २०२३ मध्ये फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला होता. थंड प्रदेशातील मित्राचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळे.

दुसरा घटक चढाचा. चँडलरमधून जाणारा अ‍ॅरिझोना अ‍ॅव्हेन्यू हाच पुढे राज्य मार्ग ८७ म्हणून पेसनकडे चढतो. चँडलरची उंची सुमारे ३७० मीटर, तर पेसनची जवळपास १,५०० मीटर. खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना रेडिएटर उकळून कडेला थांबलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी त्याच्या सुमारे दुप्पट चढाची कल्पना करावी. याच राज्यातील बुलहेड सिटीजवळचा डेव्हिस डॅमचा चढ अमेरिकी वाहन उद्योग ट्रेलर ओढण्याच्या अधिकृत कसोटीसाठी वापरतो. ती कसोटी किमान १०० अंश फॅरनहाइट तापमानात, वातानुकूलन पूर्ण सुरू ठेवून घेतली जाते.

खरेदीपूर्वी मोजमाप

कूलर विकत घेण्याआधी तापमान मोजावे. रँग्लरसारख्या काही गाड्यांच्या पडद्यावर गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान दिसते. इतर अनेक गाड्यांत ओबीडी जोडणीला लावायचे छोटे उपकरण आणि मोबाइलवरील अ‍ॅप पुरेसे होते. उन्हाळ्यातील शहरी वाहतूक, पेसनचा चढ आणि नेहमीची कच्ची वाट अशा तीन फेऱ्यांचे आकडे लिहून ठेवावेत.

• २०० अंश फॅरनहाइटच्या आसपास स्थिर : वेगळ्या कूलरची निकड नाही.
• वारंवार २२० अंशांच्या वर : कूलर घेणे शहाणपणाचे.
• २४० ते २५० अंश : त्या फेरीत तेथेच थांबावे आणि कूलर बसवेपर्यंत तशी वाट धरू नये.

आपल्या गाडीत कारखान्यातूनच काय बसवलेले आहे, तेही पाहावे. टॅकोमासारख्या पिकअपच्या टोइंग पॅकेजमध्ये ट्रान्समिशन कूलर बऱ्याचदा समाविष्ट असतो.

तीन प्रकार

पहिला, नळी आणि पाती असलेला. एकच लांब नळी वळणे घेत जाते आणि तिच्यावर पातळ पाती असतात. तो स्वस्त आणि दणकट असला, तरी त्याच आकारात उष्णता सर्वांत कमी टाकतो. हलक्या वापरासाठी ठीक.

दुसरा, पट्ट्या आणि पाती असलेला. यात तेल अनेक चपट्या मार्गांतून वाहते. किंमत आणि क्षमता यांचा मेळ यात बरा जमतो.

तिसरा, थरांच्या पट्ट्यांचा, ज्याला बाजारात स्टॅक्ड प्लेट म्हणतात. तेलाच्या प्रवाहाला कमी अडथळा आणि आकाराच्या मानाने सर्वाधिक क्षमता. या प्रदेशातील ऑफ-रोड वाहनासाठी पहिली पसंती याच प्रकाराला द्यावी.

आकार ठरवताना निर्माते वाहनाचे एकूण वजन पौंडांत देतात. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत गाडीचे कमाल भारित वजन असते. ट्रेलर असल्यास त्याचे वजन त्यात मिळवावे आणि येथील उष्म्यासाठी एक आकार मोठा घ्यावा. कूलरच्या जोडणीचा व्यास मूळ नळीपेक्षा कमी नसावा.

हवा आणि जागा

कूलर बंपरमागे ग्रिलजवळ, म्हणजे वातानुकूलन यंत्राच्या कंडेन्सरसमोर बसवल्यास त्याला ताजी हवा मिळते. पण त्यातून निघालेली गरम हवा कंडेन्सरवर जाते, म्हणून संपूर्ण कंडेन्सर झाकणारा कूलर घेऊ नये. खडकांतून ताशी तीन ते पाच मैलांनी सरकताना समोरून वारा नसतोच. अशा वापरासाठी स्वतःचा पंखा असलेला कूलर घ्यावा. सुमारे १८० अंश फॅरनहाइटला आपोआप सुरू होणारा स्विच, रिले आणि योग्य फ्यूज यांसह तो बसवावा.

रेडिएटरच्या जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी कूलर बांधणे ऑफ-रोड गाडीत टाळावे. हादऱ्यांनी घासून रेडिएटरलाच भोक पडते. धातूचे ब्रॅकेट आणि ट्रान्समिशन तेलासाठीच प्रमाणित असलेली होज वापरावी. पेट्रोलची साधी नळी नको.

रेडिएटरमधील कूलर ठेवावा की वगळावा?

बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या टाकीत एक छोटा कूलर असतोच. तो थंडीत तेल लवकर गरमही करतो. हिवाळ्यात फ्लॅगस्टाफच्या बर्फात जाणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे, कारण फार थंड आणि घट्ट तेलही गिअरबॉक्सला मानवत नाही. सर्वसाधारणपणे तेल आधी रेडिएटरमधून, मग बाहेरच्या कूलरमधून आणि नंतर परत गिअरबॉक्सकडे जावे. तापमानानुसार उघडझाप करणारा बायपास व्हॉल्व्ह सोबत घेतल्यास दोन्ही ऋतू सांभाळले जातात.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. २००५ ते २०१० च्या निसान एक्सटेरा, पाथफाइंडर आणि फ्रंटियर या गाड्यांत रेडिएटरमधील कूलर फुटून शीतकद्रव गिअरबॉक्समध्ये मिसळण्याच्या तक्रारी गाजल्या. त्या गुलाबी मिश्रणाला मालकांनी 'स्ट्रॉबेरी मिल्कशेक' असे नाव दिले, आणि कंपनीला रेडिएटरची वॉरंटी वाढवावी लागली. अशी जुनी गाडी घेणाऱ्याने रेडिएटर बदलावा किंवा बाहेरचा कूलर पूर्णपणे स्वतंत्र ठेवावा.

वॉरंटी आणि तेल

बाहेरचा भाग बसवला म्हणून वॉरंटी आपोआप रद्द होत नाही. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार त्या भागामुळेच बिघाड झाला, हे दाखवण्याची जबाबदारी वॉरंटी देणाऱ्यावर असते. त्यामुळे पावत्या आणि बसवणीची छायाचित्रे जपावीत. लीजवरील गाडीत मात्र करार आधी वाचावा.

तेल निर्मात्याने सांगितलेलेच वापरावे. डेक्सरॉन, टोयोटा डब्ल्यूएस आणि एटीएफ+४ ही परस्परांना पर्यायी नाहीत. कूलर आणि नळ्यांत जादा तेल मावते, म्हणून बसवल्यावर पातळी पुन्हा तपासावी. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये ती ठरावीक तापमानालाच तपासली जाते. हे काम जाणकार मेकॅनिककडे द्यावे. गिअरबॉक्स बिघडून दुरुस्त झाला असेल, तर जुना कूलर धुऊन परत लावू नये. त्यात अडकलेला धातूचा चुरा नव्या गिअरबॉक्सचा घास घेतो.

वाटेवर

उत्तम कूलरही चुकीच्या चालवण्याची भरपाई करू शकत नाही. चढ किंवा वाळू दिसताच फोर-लो लावावा. इंजिन मोकळेपणाने फिरते, कन्व्हर्टर कमी घसरतो आणि तापमान उतरते. पारा चढलाच तर इंजिन बंद करू नये. सावलीत थांबून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये इंजिन थोडे वाढीव गतीने चालू द्यावे, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहते. काही जुन्या क्रायस्लर गिअरबॉक्समध्ये 'पार्क' स्थितीत तेल कूलरकडे जातच नाही, म्हणून न्यूट्रल.

चांगला कूलर आणि त्याची बसवणी काही शे डॉलरांत होते. गिअरबॉक्सच्या दुरुस्तीला काही हजार लागतात. आणि कूलर कितीही मोठा असला, तरी गाडीत माणशी दिवसाला किमान एक गॅलन पाणी, आणि घरी कोणाला तरी आपली वाट व परतण्याची वेळ सांगून निघणे, याला पर्याय नाही.