रॅम्पेज: टोटल डिस्ट्रक्शन

रॅम्पेज: टोटल डिस्ट्रक्शन हा २००६ साली प्रकाशित झालेला व्हिडिओ गेम आहे. अमेरिकेतील पाइपवर्क्स सॉफ्टवेअर या संस्थेने तो विकसित केला आणि मिडवे गेम्सने प्रकाशित केला. प्लेस्टेशन २ व गेमक्यूब या घरगुती गेमयंत्रांसाठी तो एप्रिल २००६ मध्ये, तर निन्टेन्डो वी साठी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उत्तर अमेरिकेत उपलब्ध झाला. १९८६ च्या 'रॅम्पेज' या नाणे टाकून खेळण्याच्या आर्केड खेळाची ही त्रिमितीय पुनर्निर्मिती आहे. 'रॅम्पेज' या शब्दाचा अर्थ धुमाकूळ असा होतो.

मूळ खेळ

मूळ 'रॅम्पेज' हा बॅली मिडवे या कंपनीचा खेळ असून ब्रायन कॉलिन व जेफ नॉमन यांनी त्याची रचना केली. 'किंग काँग' (१९३३) आणि 'गॉडझिला' (१९५४) यांसारख्या राक्षसपटांत प्रेक्षक माणसांच्या बाजूने असतो. या खेळाने ती मांडणी उलटी केली. येथे खेळाडू स्वतःच राक्षस असतो आणि सैन्य त्याच्याविरुद्ध लढते.

खेळात तीन राक्षस आहेत: महाकाय वानर जॉर्ज, सरड्यासारखी लिझी आणि लांडगा राल्फ. हे तिघेही मुळात माणसे असून अनुक्रमे जीवनसत्त्वाचा प्रयोग, किरणोत्सर्गी तळे आणि अन्नातील भेसळकारी द्रव्य यांमुळे त्यांचे रूपांतर झालेले असते. एकाच यंत्रावर तिघांना एकत्र खेळता येत असे. इमारतीवर चढावे, ठोसे मारून भिंतींना भगदाडे पाडावीत आणि इमारत कोसळण्यापूर्वी उडी मारून दूर व्हावे, असे खेळाचे स्वरूप होते. खिडक्यांतून मिळणारे अन्न व माणसे खाल्ल्यास शक्ती वाढे. मात्र काही वस्तू अपायकारक ठरत. रणगाडे, हेलिकॉप्टर व सैनिक यांच्या माऱ्याने शक्ती संपली की राक्षसाचा पुन्हा विवस्त्र माणूस होई आणि तो लाजत पडद्याबाहेर निघून जाई. अशा वेळी दुसरा राक्षस त्याला गिळूही शकत असे. आणखी एक नाणे टाकल्यास खेळ तेथूनच पुढे सुरू होई.

खेळाचा प्रवास इलिनॉय राज्यातील पिओरिया येथून सुरू होऊन उत्तर अमेरिकेतील अनेक शहरांमधून १२८ 'दिवस' चालतो.

घरगुती आवृत्त्या व उत्तरखेळ

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा खेळ अनेक घरगुती संगणकांवर व गेमयंत्रांवर आला. यंत्रांच्या मर्यादेनुसार त्यात फेरफार झाले. निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिमवरील आवृत्तीतून राल्फ वगळण्यात आला, तर अटारी लिंक्स या हातात धरून खेळण्याच्या यंत्रावर लॅरी नावाचा उंदीर हा चौथा राक्षस जोडण्यात आला.

१९९७ मध्ये मूळ रचनाकारांच्या गेम रिफ्यूज या संस्थेने 'रॅम्पेज वर्ल्ड टूर' हा आर्केड खेळ तयार केला. स्कमलॅब्स ही खलनायकी कंपनी त्यातूनच मालिकेत आली. पुढील 'रॅम्पेज २: युनिव्हर्सल टूर' (१९९९) व 'रॅम्पेज थ्रू टाइम' (२०००) हे खेळ थेट घरगुती यंत्रांसाठी निघाले.

कथानक व खेळपद्धती

'टोटल डिस्ट्रक्शन'मध्ये स्कमलॅब्सच्या नव्या शीतपेयाची चव घेणाऱ्या माणसांचे राक्षसांत रूपांतर होते. मूळच्या तीन राक्षसांखेरीज येथे मोठा ताफा आहे. पहिल्या आवृत्त्यांत सुमारे ३० आणि वी आवृत्तीत सुमारे ४० राक्षस आहेत. त्यांपैकी बहुतेक सुरुवातीला उपलब्ध नसतात. खेळाच्या ओघात ते मिळवावे लागतात. लास व्हेगास, सॅन फ्रान्सिस्को, न्यू यॉर्क, हाँगकाँग आणि लंडन ही खेळातील काही शहरे आहेत.

पाइपवर्क्सला या प्रकाराचा पूर्वानुभव होता. 'गॉडझिला: डिस्ट्रॉय ऑल मॉन्स्टर्स मेली' (२००२) हा खेळ त्याच संस्थेचा. मात्र त्या खेळात राक्षस एकमेकांशी झुंजतात, तर येथे भर इमारती पाडण्यावर आहे. मूळ खेळातील सपाट दर्शनी भिंतींऐवजी येथील इमारतींना खोली आहे.

आर्केडमधील खेळ काही मिनिटांचा असे आणि पुढील नाण्याची ओढ त्याची रंगत टिकवीत असे. घरी नाण्याचा प्रश्नच नसल्यामुळे तीच कृती तासन्‌तास करताना कंटाळा येण्याचा धोका असतो. वाढवलेली राक्षसांची संख्या आणि त्यांना मिळवण्याची उद्दिष्टे यांचे प्रयोजन यातून समजते.

याच डिस्कवर १९८६ चा मूळ 'रॅम्पेज' आणि 'रॅम्पेज वर्ल्ड टूर' हे दोन्ही खेळही समाविष्ट आहेत. त्यामुळे जुन्या आणि नव्या रूपांची तुलना खेळाडूला एकाच ठिकाणी करता येते.

समीक्षा

समीक्षकांचा प्रतिसाद संमिश्र ते प्रतिकूल होता. तोचतोपणा हा मुख्य आक्षेप होता. मित्रांसोबत खेळण्यातील मौज, राक्षसांचे वैविध्य आणि जुन्या खेळांचा समावेश या बाजू जमेच्या मानल्या गेल्या.

पुढील काळ

२००९ मध्ये मिडवे गेम्सने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी कंपनीची बहुतांश मालमत्ता वॉर्नर ब्रदर्सने विकत घेतली. त्यातून पुढे ब्रॅड पेटन दिग्दर्शित आणि ड्वेन जॉन्सन अभिनीत 'रॅम्पेज' (२०१८) हा चित्रपट निघाला. त्यात वानर, लांडगा व सरपटणारा प्राणी ही तीन रूपे कायम ठेवण्यात आली. परंतु ते माणसांचे नव्हे, तर जनुकीय प्रयोगाला बळी पडलेल्या प्राण्यांचे रूपांतर आहे. जॉर्ज हा चित्रपटात पांढरा गोरिला असून अखेरीस तो माणसांच्या बाजूने लढतो. मूळ खेळाने उलटी केलेली मांडणी चित्रपटाने अशा रीतीने पुन्हा काही अंशी सरळ केली.