पगारपत्रकातला दुष्काळ : व्यवसाय कर आणि रोजगार हमी

१/ महाराष्ट्रातील अनेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये ‘व्यवसाय कर’ म्हणून कापले जातात. या कपातीचे मूळ एका दुष्काळात आहे. सरकारी खर्चाविषयी मतदारांचे मत कशाने घडते, हेही त्या इतिहासातून उमगते. #थ्रेड

२/ १९७०-७३ ही अवर्षणाची वर्षे. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणारे हात रस्तोरस्ती दिसत होते. अशा वेळी हा खर्च कशाला, असे विचारणे कोणालाही अवघड होते.

३/ मात्र दुष्काळी कामांचा एक नियम असे : पाऊस आला की कामे बंद. भूमिहीन मजुराची उपासमार काही पावसाबरोबर संपत नसे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्येच तासगाव तालुक्यातील विसापूर येथे कायमस्वरूपी कामाच्या हमीचा प्रयोग आरंभला होता.

४/ सुकाळात या हमीचे पैसे कोण देणार? १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. रोजगार हमीसाठी शहरी पगारदारांनी कर द्यावा आणि त्या उत्पन्नाइतकीच भर शासनाने घालावी, अशी ही रचना होती.

५/ शहराने खेड्याचा भार का उचलावा? दुष्काळात गावे ओस पडली की लोंढे मुंबई-पुण्याकडेच येत. बागायतदारांना पाझर तलाव, विहिरी आणि रस्ते मिळणार होते, तर आमदारांना मतदारसंघात दाखवण्याजोगे काम. करुणेला हिताची जोड मिळाली.

६/ रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि काम मागणे हा हक्क झाला.

७/ पुढे दुष्काळाची आठवण पुसट झाली. १९९० च्या दशकात कर जमा होत राहिला, पण योजनेवर त्या प्रमाणात खर्च होईनासा झाला. कर कशासाठी आहे, हेच देणाऱ्याच्या ध्यानात उरले नव्हते. मग हिशेब कोण मागणार?

८/ गरज डोळ्यांसमोर असते, पैसा कुठे जातो ते कळते आणि आपलेही हित त्यात दिसते, तेव्हा मतदार खर्चाला संमती देतो. सुकाळात यातले पहिले नाहीसे होते. म्हणूनच आठवण ताजी असताना केलेला कायदा महत्त्वाचा ठरला. २००५ च्या देशव्यापी रोजगार हमी कायद्यापुढे आदर्श होता तो याच कायद्याचा.